पातळ मीठ आणि कवडूजींची सुट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. लॅबचं कुलूप उघडलं तर भिंतीवरची पाल, सिंकमधलं झुरळ आणि माझी पीएचडी, तिघंही जिथं सोडलं होतं तिथंच.

गाईड सरांनी तारीख ठरवली. १२ डिसेंबर, शुक्रवार, प्री-सबमिशन सेमिनार. जबलपूरहून बाहेरचे परीक्षक येणार. ते हो म्हणाले की प्रबंध जमा, मग पदवी, मग अतिथी विद्वानांच्या, म्हणजे कंत्राटी प्राध्यापकांच्या, यादीत माझं नाव वर. नाहीतर कुणा कायम प्राध्यापकाची बदली इथं बालाघाटला झाली की नऊ वर्षांची ही खुर्ची गेली. अतिथी हा शब्द सरकारनं फार विचार करून निवडलाय. अतिथीला चहा मिळतो, पण त्यानं कधी उठायचं ते घरमालक सांगतो.

उरलंय फक्त चौथं प्रकरण. पा.मी. पाच-पाच वेळा वापरलं तरी दमत नाही, हे एकदा शेवटचं करून दाखवायचं. आठवड्याचं काम.

४ नोव्हेंबर
नवी वही, म्हणून एकदा लिहून ठेवते. पा.मी. म्हणजे पातळ मीठ. प्रबंधात त्याला 'आयनिक द्रव' म्हणायचं. पा.मी. हे बारसं आमचे लॅब अटेंडंट कवडूजींनी केलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बाटली उजेडाला धरून विचारलं होतं, "म्याडम, हे मधावानी काय आहे?" म्हटलं, मीठ आहे, पण न तापवता पातळच राहतं.
"पावसात आमच्या घरचंबी मीठ पातळच होते. त्याच्यावर पीएचडी काहून?"
तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. अजून सुचलेलं नाही.

आजचा प्रयोग झकास. बदामाच्या वासाचं ते तेल, त्यात पांढरी पूड, वर चमचाभर पा.मी. उत्प्रेरक म्हणून. ढवळत ठेवलं. दहा मिनिटांत वास गेला आणि फ्लास्कमध्ये दह्यासारखं घट्ट पांढरं जमलं. उत्पादन नव्वद टक्क्यांच्या वर. डोकं धरायला लावणारं सॉल्व्हंट नाही, नाल्यात ओतायचं काही नाही, पा.मी. धुऊन पुन्हा वापरायला मोकळं. हिरवं रसायनशास्त्र म्हणतात ते हेच.

सर मागे येऊन उभे राहिले. हिंदीशिवाय बोलत नाहीत, खूश असले की तर अजिबात नाही. "वाह वैशाली. एक्सटर्नल के सामने यही करके दिखाओ. लाइव्ह. दस मिनट की तो बात है." आणि लगेच निमंत्रणपत्रिकेत 'प्रत्यक्ष प्रदर्शन' घालूनही टाकलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
कवडूजी सुट्टीवर गेले. अर्जात 'कृषि कार्य हेतु'. लामत्याकडे त्यांचं गाव, धान कापणीला आलंय. कापणी, मळणी, मग गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. २७ तारखेला येणार.
"म्याडम, तवरिक बाटल्या कोण धुईन?"
मी धुईन, म्हटलं.
त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. एकवीस वर्षं या लॅबची काच त्यांच्याच हातची. जाताना सिंककडे असं बघत होते, जसं कुणी लेकरू शेजाऱ्यांकडे ठेवून निघालंय.

११ नोव्हेंबर
सगळे फ्लास्क धुतले. लिक्विड साबण, मग नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी ॲसिटोन. कवडूजींच्या फ्लास्कांवर नेहमी एक पांढुरकी साय असते, बोअरच्या पाण्याची. ती पण घालवली. एवढी स्वच्छ काच या लॅबनं पाहिली नसेल. स्वतःवर खूश.

१२ नोव्हें.
दहा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस. पातळ ते पातळच. बदामाचा वास जसाच्या तसा.
गाळून हाती आलं ते चिमूटभर.

१४ नोव्हें.
पुन्हा तेच. पा.मी. नवीन बनवलं, तरी तेच. चाळीसच्या वर जाईना.

घरी आल्यावर आई: "बदाम खाऊन आली का व?"
"नाही."
"मंग कपड्याले वास कायचा? एकटीच खाते, मायले एक नाही आणत."
प्रयोग फसला की वास राहतो, हे तिला समजावत बसले. ती म्हणाली, "असा कसा प्रयोग, का फसला त घरभर सांगत येते."

१७ नोव्हें., सोमवार
सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मौसम बदला है. नमी देखो."
नमी पाहिली. पा.मी. दोन दिवस व्हॅक्युममध्ये सुकवलं. उत्पादन छत्तीस.
"हाथ साफ रखो."
हात? हात तर इतके साफ आहेत की रेषा पुसायच्या बाकी आहेत. फ्लास्क आता दोनदा धुते. साबण दोनदा, ॲसिटोन दोनदा.
उत्पादन एकतीस.

१९ नोव्हें.
बदामाचं तेल जुनं झालं असेल म्हणून नागपूरहून नवी बाटली मागवली. सीलबंद, चकचकीत.
अठ्ठावीस.

हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आज प्रयोग लावण्याआधी स्टिररसमोर हात जोडले. एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळालेली बाई, दार लावून, यंत्राला हात जोडते. यंत्र गरगरत राहिलं.

२२ नोव्हें., शनिवार
चौथं प्रकरण पूर्ण होत नाही, ही आता बारीक गोष्ट आहे. पहिल्या तीन प्रकरणांतले आकडे आज पुन्हा येत नाहीत, ही मोठी. परीक्षकांनी विचारलं तर? मी खोटे लिहिलेले नाहीत. वजन मी केलं, वहीत मी लिहिलं. मग गेले कुठे?

जुन्या वह्या काढून बसले. एकही प्रयोग फसलेला नाही. फक्त एकदा, अगदी सुरुवातीला, पा.मी. न घालता करून पाहिला होता, तो फसला. फसायलाच हवा होता, उत्प्रेरक नव्हता ना. त्याच निकालावर सर म्हणाले होते, बघ, सारी कमाल आयनिक द्रवाची. तिथून माझा प्रबंध सुरू झाला.

२५ नोव्हें.
आईनं निंबू-मिरची आणून दिली. "लॅबात बांध."
म्हटलं, आई, मी वैज्ञानिक आहे.
"मंग आतल्या बाजूनं बांध, कोणाले दिसनार नाही."
पर्समध्ये आहे. बांधलेली नाही. फेकलेलीही नाही.

२७ नोव्हें., गुरुवार
कवडूजी आले. उन्हानं अजून काळे झालेत. नव्या धानाचे पोहे आणलेत माझ्यासाठी, डबाभर. मंडईतली दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, पहाटेपर्यंत चालली म्हणून सांगत होते. सिंकवर आले आणि माझे चमचमते फ्लास्क बघून त्यांचं तोंड उतरलं.
"म्याडम, ह्या कोणं धुतल्या?"
"मी."
"हं," म्हणाले, आणि सगळे पुन्हा धुवायला घेतले. मला राग आला.

२८ नोव्हें.
दहा मिनिटं. दही. वास गेला. ब्याण्णव.
खुर्चीवर बसून घेतलं. रडू आलं, सरळ सांगायचं तर. सर म्हणाले, "देखा? मौसम."

१ डिसेंबर, सोमवार
आज दोन प्रयोग एकाच वेळी लावले. तेल त्याच बाटलीतलं, पा.मी. तेच, हात माझेच, स्टिरर शेजारी-शेजारी. फरक एवढाच की एक फ्लास्क कपाटात मागे राहिलेला, मी धुतलेला, दुसरा कवडूजींचा.
कवडूजींच्यात दही. माझ्यात बदाम.

पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग सिंकवर गेले. कवडूजी पाठमोरे. हातात नारळाची शेंडी, बाजूला ओट्यावर तुपाचा जुना डबा. डब्यात राख.
"कवडूजी, हे काय?"
"राख. वारासिवनीच्या धानाच्या मिलातून आणतो. कोंड्याची आहे, बारीक. ओरखडा नाही येत."
"साबण कुठंय?"
त्यांनी शेंडी खाली ठेवली. कपाट उघडलं. लिक्विड साबणाचे कॅन, ओळीनं, सील न तोडलेले. मी वापरला तो एकच उघडा.

२ डिसेंबर
सकाळीच लावलं. मी धुतलेला फ्लास्क, पा.मी. अजिबात नाही. चिमूटभर राख पाण्यात कालवली, गाळली, ते पाणी घातलं.
बारा मिनिटांत दही. एक्क्याण्णव.
पुन्हा केलं. नव्वद.
राखेत खार असतो, तो बेस. ही रिअ‍ॅक्शन बेसनं होते, हे मी बी.एस्सी.च्या पोरांना फळ्यावर शिकवते. फ्लास्कवरची ती साय म्हणजे बोअरचं पाणी नव्हतं. पा.मी. पाचव्यांदाही दमत नव्हतं, कारण दर वेळी कवडूजी फ्लास्क राखेनं घासून देत होते. आणि पा.मी. न घातलेला तो पहिला प्रयोग? वहीत पाहिलं. 'खोक्यातला नवा फ्लास्क' असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. त्याला राख लागलीच नव्हती.

म्हणजे तीन वर्षं मी एक मध ढवळत होते. काम कवडूजींचा डबा करत होता.

आईला सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं.
"मंग राखीवरच कर ना पीएचडी."
"ते इतकं सोपं नाही."
"हौ, सोपं नाहीच. मी पन्नास वर्षं भांडे घासले, मले कोणी डॉक्टर नाही म्हटलं."
खूप हसलो दोघी. नंतर झोपताना मला हसू येईना.

३ डिसेंबर, बुधवार
सरांच्या केबिनमध्ये. तिन्ही आकडे टेबलावर ठेवले: कवडूजींचा फ्लास्क, माझा फ्लास्क, नुसती राख.
"राख," ते म्हणाले.
"हो सर."
"थीसिस का टाइटल पढ़ो."
वाचलं. हरित उत्प्रेरक म्हणून आयनिक द्रव, वगैरे वगैरे.
"इसमें राख कहाँ है?"
"नाही सर."
"तो फिर?"
मी म्हटलं, आकडे खरे आहेत, पण श्रेय चुकीचं आहे. सरांनी आकड्यांचा कागद उलटा ठेवला. मग एकदम हळू आवाजात, "कवडू यहाँ कब से है?"
"एकवीस वर्षं."
सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मला उशिरा कळलं ते काय मोजताहेत. माझ्याआधी त्यांच्या हाताखाली पाच जण असल्याच मिठांवर डॉक्टर झालेत. पाचही जणांचे फ्लास्क कवडूजींनी धुतलेत.
निघताना म्हणाले, "डेमो होगा. कवडू से कहना, जैसे धोता है वैसे ही धोए. बाकी डिग्री के बाद देखेंगे."
वाईट माणूस नाहीत ते. माझी फी एकदा त्यांनी भरली आहे. पण आज त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

५ डिसेंबर
कवडूजींना आज सांगितलं. त्यांना वाटलं मी रागावतेय.
"म्याडम, म्या इमानदारीनं धुतल्या. साबनाचा फेस जात नाही. नळाले अर्धा घंटा पाणी येते, इतक्या बाटल्या कायनं खंगाळू? आमच्या घरी पितळ राखीनंच उजळते."
म्हटलं, चूक झाली असं म्हणतच नाही. तुमच्या राखेनं काम केलं, एवढंच.
त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलाचा खण उघडला आणि धुलाई रजिस्टर पुढं ठेवलं. मागे तपासणी समिती येऊन गेली तेव्हा प्राचार्यांनी लावलेलं. रोजची ओळ, 'साबुन से धोया', खाली कवडूजींची सही. पानंच्या पानं.
"हे पाहा. तुमी तिकडं राख म्हटलं, का मले इकडं नोटीस. चार महिने राह्यले माह्या रिटायरमेंटले."
मी वचन दिलं, तुमचं नाव घेणार नाही, राखेचंही नाही.
वचन देऊन बाहेर आले आणि कळलं की आता खरं बोलायला माझ्याकडे शब्दच उरलेला नाही.

६ डिसें.
वॉर्डातला अभिवादनाचा कार्यक्रम. आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत. वक्ते म्हणाले, शिका आणि खरं बोला. आईनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिला काही सुचवायचं नसेल. मी मात्र चपला शोधायला लागले.

८ डिसेंबर, सोमवार
दोन पीपीटी बनवल्या. पहिली 'अ', त्यात पा.मी. दुसरी 'ब', त्यात सगळं. 'ब' मध्ये 'फ्लास्कवरील क्षारीय अवशेष' असं लिहिलं. राख नाही, कवडूजी नाहीत. वाटलं, सुटले.
वाचून पाहिलं. कुणीही दुसरा प्रश्न हाच विचारेल, अवशेष आला कुठून? मग मी काय म्हणू, उडत आला?

१० डिसें.
सर दारात: "तैयार?"
हो म्हटलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
कवडूजी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. चहा ठेवतात आणि जातात. आज मी सिंकवर गेले तर साबणाचा फेस. राखेचा डबा दिसला नाही. म्हातारा माणूस फेस घालवत अर्धा तास नळाखाली वाकून उभा होता, आणि नळ मध्येच बंद झाला. मला इतकं वाईट वाटलं की मी लॅबमधून निघूनच आले.

११ डिसें., गुरुवार
परीक्षक विश्रामगृहात उतरले. सर त्यांना घेऊन जेवायला गेलेत. म्हणे माणूस फार बारीक बघतो.
काहीही सुचत नाही. डेमोला फ्लास्क कोणता? साबणाचा नेला तर सगळ्यांसमोर बदाम, आणि तीन वर्षं, नऊ वर्षं, खुर्ची, सगळं त्या वासात. राखेचा नेला तर टाळ्या. टाळ्यांनंतर मी रोज फळ्यासमोर उभी राहणार आणि पोरांना सांगणार की कंट्रोल एक्सपेरिमेंट प्रामाणिकपणे करायचा असतो.
आई म्हणते, "जेव आधी."

१२ डिसेंबर, शुक्रवार, सकाळ
साडेआठला दार वाजलं. कवडूजी. सायकलवर आलेले, कानाला मफलर, अंगात इस्त्रीचा शर्ट. ते कधी घरी आलेले नाहीत. आईनं खुर्ची दिली तर बसले नाहीत.
पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन फ्लास्क काढले. एकाच्या गळ्याला लाल धागा.
"धाग्याची राखीनं धुतली. दुसरी साबनानं, चांगली, तुम्ही धुता तशी. घरच्या हापशीवर धुतल्या, तिथं पाणी लय आहे."
म्हटलं, कवडूजी, मी तुम्हाला शब्द दिलाय.
"हौ. तो म्या वापस केला." मग आईकडे पाहत, "बाई, पोरीले सांगा. एकवीस वर्षं धुतल्या, कोणं विचारलं नाही कायनं धुतो. आज कोणं विचारलं त सांगा म्हणा. मी चहा घेऊन दारातच असीन."
"आणि नोटीस?"
"येईन त येईन. चार महिन्यांत फाईल प्राचार्याच्या टेबलावरून हालत बी नाही."
चहा न घेता गेले. पोह्यांचा रिकामा डबा मात्र आठवणीनं मागून नेला.

साडेनऊ. दोन्ही फ्लास्क बॅगेत, मध्ये टॉवेल. पेन ड्राइव्हमध्ये 'अ' आणि 'ब' दोन्ही. सरांचे दोन मिस्ड कॉल. आईनं हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, "बदाम नको आणू आज."

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण ती मनात आली होती. मघाशी बॅग भरताना वाटलं, तो लाल धागा काढून टाकावा. मग कोणता कोणता ते मलाही कळणार नाही, आणि जे होईल ते माझ्या हातानं झालेलं नसेल. धाग्याची गाठ नखानं थोडी सैलही केली.
तशीच आहे अजून. निघते.